शिंप्याचं चित्र

तीर्थरूप बाबांना धाकटीचा वाकून नमस्कार,

तुमच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं! मशीनवर वाकून तुम्ही सुईत दोरा ओवताय, तेच.

"शिंप्याला कोण बघणार? राजेरजवाडे काढ," असं आमचे चित्रकलेचे सर म्हणाले होते. मी हट्टाने तुम्हालाच काढलं. कापडाला चुण्या कशा पडतात, हे मी तुमच्या मशीनपाशी चिंध्यांत बसूनच शिकले ना!

काल प्रदर्शनात एक म्हातारे शिंपी चित्रापुढे बराच वेळ थांबले. मग मला विचारलं, "यांचा उजवा खांदा दुखतो का हो?" मी चाटच पडले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नुसतं रंगवलं होतं. सरांनी ते ऐकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, मी चुकलो."

बाबा, बक्षिसापेक्षा मला तेच मोठं वाटलं.

मी मजेत आहे. खोलीला थोडी ओल आहे, पण उजेड भरपूर. जरा खोकला आहे, तो रंगांच्या वासाने असेल, काळजी नको. तुम्ही खांदा शेकता ना? मी शिवण सोडली म्हणून आई अजून धुसफुसते का? तिला म्हणावं, लेकीने नाव काढलं, आता पुढच्या चित्राला तूच बसायचंस.

तुमची,
रंगाने बरबटलेली धाकटी