साहेबांच्या केबिनचं दार

३ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. माझी शाळा सातवीत सुटली, पण साहेबांची आठवीत सुटली आणि ते मंत्री आहेत. म्हणजे एकाच इयत्तेचा फरक.
ऑफिसातल्या टायपिस्टबाईने साहेबांवर केस टाकली. म्हणे केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि अंगाला हात लावला. एवढे दिवस पगार घेतला आणि आता आठवलं! त्या दाराबाहेर स्टुलावर मी बसतो. काही झालं असतं तर ती ओरडली नसती? आणि मी ऐकलं नसतं?

५ मार्च
साहेबांचे पीए म्हणाले, तू आपला मुख्य साक्षीदार. मुख्य! केस जिंकली की युवा आघाडीचा उपाध्यक्ष. स्वतः चहा दिला. अर्धा प्यायलेला होता, पण दिला.
निश्चय: तंबाखू बंद. उपाध्यक्षाला शोभत नाही.
घरी फोन केला. धाकट्या बहिणीला, चिमीला, म्हटलं टायपिस्टची जागा रिकामी झालीय, साहेबांशी बोललोय, बॅग भर. म्हणाली, दादा, जागा का रिकामी झाली ते टीव्हीवर बघतेय मी. म्हटलं ती बाई खोटारडी आहे, ओरडली असती तर मला ऐकू आलं असतं. तर म्हणते, तुला? आई तापात रात्रभर कण्हत होती, शेजारी झोपलेल्या तुला सकाळी कळलं.
फार बोलायला लागलीय. नोकरी लागली की सुधारेल.

९ मार्च
आपल्या वकिलांनी दिवसभर एकच वाक्य घोटून घेतलं: दार कायम उघडं असायचं. म्हटलं वकीलसाहेब, ते दार मी बसवलंय. इथे यायच्या आधी फर्निचरच्या कारखान्यात होतो. आतून ना कडी ना मूठ, उघडायचं बटण साहेबांच्या टेबलाखाली. आत जाड फोम. आवाज बाहेर फुटत नाही (माझे कान सोडून). साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती.
वकील म्हणाले, बाबा रे, दार विसर, वाक्य पाठ कर. कारागिरीची कदर नाही लोकांना.
तंबाखू: थोडी. वाक्य पाठ व्हायला लागते.

१४ मार्च, कोर्ट
इस्त्रीचा शर्ट. वाक्य झकास म्हटलं. मग तिची वकीलबाई उठली. म्हणाली, असेलच उघडं. असलं स्वस्तातलं दार धड लागत तरी असेल का? कुणा शिकाऊने ठोकलेलं दिसतंय.
शिकाऊ! डोकंच फिरलं. म्हटलं बाई, बोटभर फट दाखवा, मिशी उतरवतो. एकदा लागलं की साहेबांनी बटण दाबल्याशिवाय आतलं माणूस बाहेर येऊच शकत नाही. फोमही मीच भरलाय. कितीही बोंबला, बाहेर ढिम्म कळत नाही.
जज भराभर लिहायला लागले. वकीलबाई थँक्यू म्हणाली, तिलाही मानावं लागलं. टायपिस्टबाई रडत होती. हरल्यावर रडणारच. आपले वकील डोकं धरून बसले होते. उन्हाचा त्रास असेल.
परत येताना गाडीत जागा नाही म्हणाले. एकटे पीएच होते, पण फाइली फार असतात.

१८ मार्च
आणखी दोघींनी केस टाकली. मंत्रिपद गेलं, पुढचं तिकीटही गेलं. साहेब टीव्हीवर म्हणाले, दाराचं मला काहीच माहीत नव्हतं, त्या पोराने परस्पर केलं. राजकारणात असं बोलावं लागतं. मनातून मला मानतात.
पीए जिन्यात भेटले. म्हणाले, गाढवा, तोंड काळं कर इथून. उपाध्यक्षपदाचं आज विचारलं नाही, त्यांचा मूड नव्हता.
चिमीचा मेसेज: त्या दाराआड मला बसवणार होतास? रेंज कमी होती. उत्तर राहिलं.

२१ मार्च, दुपार
कोर्टाने दार तपासायला माणसं पाठवली. एक पोलीसबाई होत्या. म्हणाल्या, बसवणारे तुम्हीच ना? जा आत आणि बाहेर येऊन दाखवा. म्हटलं त्यात काय! दार लागलं. एकदम फिट. टेबलाखाली हात घातला, तर बटण पोलिसांनी आधीच काढून नेलेलं.
आधी रीतसर ठोठावलं. मग जरा जोरात. मग लाथेने. घाबरलो वगैरे नव्हतो, आत हवा कमी होती एवढंच. हाका मारल्या त्या दाराची चाचणी म्हणून. त्यात आईला का हाक मारली, माहीत नाही.
बाहेरून उघडलं तेव्हा पोलीसबाई माझ्याच स्टुलावर बसल्या होत्या. विचारलं, आवाज दिला होतात का?
म्हटलं, छे.
त्यांनी ते लिहून घेतलं, आणि माझ्याकडे बघत बसल्या.
चिमीचा फोन वाजतोय. पण घसा पार बसलाय. काय बोलणार.