पैलवानाची ओढ किती किलो?

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (तो लेखीच गोड मानून घे. प्रत्यक्ष आडवा झालो की तुझा पैलवान येऊन पाठीवर बसतो, आणि त्याचं वजन सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर केलं. काटा आधी मी तपासून घेतला, भंगारवाल्याला ते आवडलं नाही.) तुझं मनगट कसं आहे? प्लास्टर आता निघेलच. आत खाज सुटली म्हणून विणायची सुई घालू नका असं डॉक्टर सांगतात आणि तू घालतेस, हे मला इथे बसून दिसतं. आम्ही दोघं बरे आहोत. हिचे गुडघे कुरकुरतात ते नेहमीचंच. माझा उजवा खांदा मात्र कामातून गेलाय, त्याचं कारण पुढे येईल.

आधी मुद्द्याचं. पैलवानाने ओढलं म्हणून तू पडलीस, मनगट मोडलं, आणि तुझ्या चिरंजीवांनी फर्मान काढलं की या हाताला पाच किलोंच्या वर ताण चालणार नाही असं डॉक्टर म्हणालेत, तेव्हा पुढच्या महिनाअखेरपर्यंत कुत्र्याची ओढ पाच किलोंच्या आत आली तर ठीक, नाहीतर कुत्रा चिरंजीवांच्या ओळखीच्या गोदामवाल्याकडे जाणार. तिथे फाटकाला साखळीने बांधणार. तू फोनवर म्हणालीस, भाऊ, काहीही कर पण एवढं कर, आणि फोन ठेवून दिलास. तू कधी फोन आधी ठेवत नाहीस. म्हणून मी पैलवानाला इकडे आणलं आणि हे काम अंगावर घेतलं. शिवाय पाच किलो म्हटल्यावर ते माझ्या खात्याचं काम झालं. चौतीस वर्षं वजनमापं तपासली, एका कुत्र्याला घाबरतो की काय!

पहिल्याच दिवशी मी ताणकाटा काढला. (हुकाला पिशवी लटकवून तोलतात तो. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला, एरवी घड्याळ देतात.) एक हूक पट्ट्याच्या दोरीला, दुसरं टोक माझ्या मुठीत, आणि वरच्या खिशात वही. तुझ्या साध्या चामडी पट्ट्यावर पहिली नोंद झाली ती एकोणीस किलोंची. दुसरी तेवीस. तिसरी वाचता आली नाही, कारण तोवर मी इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली होतो. इस्त्रीवाला भला माणूस, त्याने आधी कपडे वाचवले आणि मग मला.

मग एका माजी कवायत मास्तरांचं नाव कळलं, ते कुत्र्यांना वळण लावतात. त्यांनी साखळीचा फास दिला. कुत्रा पुढे गेला की झटका द्यायचा, फास आवळतो, कुत्र्याला समजतं. आता तुला माझा स्वभाव माहीत आहे, जे माप लोकांवर लावायचं ते आधी स्वतःवर लावून बघावं. मी साखळी स्वतःच्या गळ्यात घातली, दोरी हिच्या हातात दिली आणि म्हटलं, दे झटका. बत्तीस वर्षांच्या संसारात हिने माझा एकही शब्द इतक्या तत्परतेने ऐकलेला नाही. दोन दिवस मला पाणी गिळवत नव्हतं. साखळी मास्तरांना परत केली, आणि ती पैलवानाच्या गळ्यात एकदाही पडली नाही, हे तुझ्या समाधानासाठी लिहितो.

त्यानंतर दुकानदाराने छातीला बांधायचा हार्नेस गळ्यात मारला. गळ्यावर ताण नाही, सगळा भार छातीवर. ऐकायला झकास. पण बैलाला जू कशासाठी लावतात, याचा विचार मी घरी येऊन केला. पाठीवरच्या कडीत दोरी अडकवल्यावर पैलवानाला इतकं आरामात ओढता यायला लागलं की नोंद गेली एकतीस किलोंवर, आणि मी गेलो सोसायटीच्या फाटकातून वॉचमनला न विचारता. (वॉचमनने वहीत माझी बाहेर गेल्याची वेळ लिहिली. काम चोख आहे त्याचं.) मग छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणला. त्याने कुत्रा ओढायला लागला की आपोआप आपल्याकडे वळतो. वळला, आणि माझ्याभोवती अडीच वेढे घेतले. मग नाकावरून जाणारा तोंडाचा पट्टा. तो मुसकं वाटतो, त्यामुळे समोरून येणारी माणसं रस्ता ओलांडून पळायला लागली, आणि पैलवान तो पट्टा काढायला तोंड घासायचा ते माझ्याच पँटवर. ती पँट आता फरशी पुसायला आहे.

पट्टे संपले तशा पद्धती सुरू झाल्या. जनावरांच्या डॉक्टरांकडे काम करणाऱ्या एका मुलीने सांगितलं, काका, तो ओढेल तेव्हा तुम्ही झाड व्हा. हलायचं नाही, बोलायचं नाही, दोरी सैल झाली की बक्षीस द्यायचं आणि मगच पाऊल टाकायचं. खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन मी न्हाव्याच्या दुकानासमोर झाड झालो. एक तास अकरा मिनिटं. दोरी काही सैल होईना. न्हाव्याला वाटलं, मी नंबर लावून उभा आहे, त्याने दोन गिऱ्हाइकं झाल्यावर मला आत बोलावलं. झाडाने बोलायचं नसतं, म्हणून मी दाढी करून घेतली. तेवढ्यात पैलवानाने अंडं खाल्लं, खिशासकट.

अशी चार आठवडे आणि वहीची एकतीस पानं झाली. सरासरी बावीस किलो. मागच्या रविवारी खांदा इतका धरला की हात वर जाईना, तेव्हा ही म्हणाली, आणा इकडे ती दोरी. मी घाबरलो. हिला कुत्रा नको होता, हे तुझ्यापासून लपलेलं नाही. तो आला तेव्हा ही चार दिवस त्याच्याशी बोलली नाही (माझ्याशी सहा). तरी साधा चामडी पट्टा घालून ही निघाली आणि मी खिडकीत उभा राहिलो. ताई, खोटं वाटेल, पण दोरी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधे लोंबत होती! हिची अखंड बडबड चाललेली, आणि पैलवान मान वर करून ऐकत बरोबरीने चाललेला.

परत आल्यावर मी विचारलं, काय केलंस? ही म्हणाली, अहो, काही केलं नाही, तेच केलं. तुम्ही तो काटा वाचायला दोरी ताणून धरता. मला कोणी असं सतत धरून ओढलं तर मीसुद्धा उलट्या दिशेला जाईन.

मी वही काढून बसलो. खरं होतं. दोरी सैल असली की काटा शून्य दाखवतो, आणि शून्य दिसलं की आमच्या खात्यात समजायचं, काटा अडकलाय. म्हणून मी तो आकडा दिसेपर्यंत खेचायचो. झाड झालो तेव्हाही मूठ छातीशी घट्ट होती, काटा डोळ्यांसमोर हवा म्हणून. म्हणजे एकतीस पानं मी माझंच माप घेत होतो. बरं, हे कोणाला सांगायची सोय नाही, कारण ही सगळ्यांना सांगून मोकळी झालीये, त्यात इस्त्रीवालाही आला.

आता गेले आठ दिवस काटा कपाटात आहे. पैलवान हिच्याबरोबर शून्य आणि माझ्याबरोबर दीड-दोन किलो (अंदाजे लिहितोय, चौतीस वर्षांत पहिल्यांदा) ओढतो. दुसरा कुत्रा समोरून आला तरी हिने नुसतं हूं म्हटलं की बास. पट्टा तुझाच ठेव, नवीन काही घेऊ नकोस. दोरी सैल धर, त्याच्याशी बोल, आणि तो पुढे गेला तर तू दिशा बदल. एवढंच शिक्षण आहे.

मनगटाला जप. हिचा नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. चिरंजीवांना आजच फोनवर कळवलं की ओढ पाच किलोंच्या आत आहे, मी माजी निरीक्षक म्हणून सांगतो, गोदामवाल्याला नाही म्हणून टाक. तो हो म्हणाला. तेव्हा पैलवान तुझा. त्याची काळजी मिटली.

पुन्हा ता. क. हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. परवा फुटपाथच्या कडेला हिचा पाय मुरगळला आणि ही पडली. (लागलं नाही, गुडघा खरचटला.) दोरी हातातच होती. समोरून मांजर गेलं, दोन पोरं सायकलवरून ओरडत गेली, पण पैलवान जागचा हलला नाही. ही उठेपर्यंत तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला हे मी शिकवलेलं नाही, हिनेही नाही.

मग ताई, तुला त्याने कसं ओढलं?

तुला चक्कर आली ना? चक्कर म्हटलं की चिरंजीव तुझ्या घराला कुलूप लावून तुला स्वतःकडे नेणार, म्हणून तू कुत्र्याचं नाव पुढे केलंस. त्यात पैलवान गोदामाच्या फाटकाला बांधला जाईल, हे मागाहून तुझ्या लक्षात आलं, आणि तोंड उघडायची सोय राहिली नाही. मी रागावलो नाहीये. घाबरलोय. मी चिरंजीवांना काही सांगितलेलं नाही, सांगायचं ते तूच सांग. पण त्याआधी डॉक्टरांकडे जायचं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं येतोय, पैलवानाला घेऊनच. तो आणि ही बाहेर बसतील, मी तुझ्याबरोबर आत येईन.

तोवर एकच कळव. तू पडलीस तेव्हा पैलवान तुझ्याशेजारी किती मिनिटं उभा होता? अंदाजे चालेल.