नागपुरात कोणी नाही त्यांच्यासाठी

गोकुळपेठ, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. शामलावहिनींस,
धाकट्या दिराचा शि. सा. न. वि. वि.

नरखेडच्या बसच्या कंडक्टरकडे पुस्तकाची प्रुफं दिली आहेत. तुमच्या अमोलला स्टँडवर पाठवा. फोनच करणार होतो, पण परवा तुमच्या गळ्याच्या गाठीचा विषय निघाला, माझा आवाज चढला आणि तुम्ही फोन सूनबाईच्या हातात देऊन मोकळ्या झालात. कागदावर आपलं बरं जमतं.

पुस्तकाचं नाव ‘नागपुरात कोणी नाही त्यांच्यासाठी’. दादाला घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात राहिलो, तेव्हा गावाकडची माणसं रोज पाहत होतो. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, काखेत पिशवी, आणि पुसायचं कोणाला ते माहीत नाही. दादा पलंगावरून म्हणायचा, की ताऱ्या, तू साऱ्यायले पुसत फिरतं, तर लिहून काढ न गा एकदाचं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. दुकान बंद असतं म्हणून दर रविवारी धंतोलीत जातो आणि एकेक गल्ली तपासतो. धर्मशाळेत कोणते कागद मागतात, मऊ भात कुठे मिळतो, सोबतच्या माणसानं कपडे कुठे वाळत घालायचे, कोणत्या तपासणीला उपाशी यायचं. ऐकीव अशी एक ओळ त्यात नाही.

अक्षरजुळणी माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात केली. शाळा दहावीला सुटली, पण हे काम मी स्वतः शिकलो आणि चांगलं शिकलो. चंपतराव प्रेसवाले कॅलेंडरांच्या कामातून उरलेल्या कागदावर छापून देणार आहेत. त्यामुळे काही पानं पांढरी, काही पिवळसर. तुमची जाऊ वंदना म्हणते, आहेरात आलेल्या साड्यांसारखं दिसेल. दिसू दे. रंगीत मुखपृष्ठ आपल्या आवाक्यातलं नाही.

अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलेला तुमचा डोळा आहे, त्यातून चूक सुटत नाही. वाचून कळवा. काटोलच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवा म्हटलं, त्यावर दिवाळीही उलटली. एवढंच लिहितो, दाबत नाही.

लोभ आहेच, प्रुफं वाचून होईस्तोवर थोडा जास्त असू द्यावा.

आपला
ताराचंद


सावरगाव, ता. नरखेड
१७ नोव्हेंबर २०२५

चि. ताराचंद भाऊजींस,
वहिनीचे अ. उ. आ.

वयानं लहान म्हणून चि. लिहिलं अन् दीर म्हणून भाऊजी. तुमी मानापानाचे, म्हणून दोन्ही ठेवले.

प्रुफं दोनदा वाचली. एकदा तुमच्यासाठी, एकदा चुकांसाठी. चुका नाहीत, तेवढं श्रेय घ्या. पण शब्द कमी करा. ऑटोतून उतरल्यावर डाव्या हाताले पाहावे, मग उजव्या हाताले पाहावे, इतकं पाहता पाहता पेशंट रस्त्यावरच बसन. अमोल म्हणून राहिला होता, की काकांनी दवाखान्यातल्या कुत्र्याचं नाव तेवढं लिहायचं ठेवलं.

एक गोष्ट मात्र सापडली नाही. खायाचं लिहिलं, झोपायचं लिहिलं, पाणी भरायचं लिहिलं. रडायला कुठं जायचं ते काहून नाही लिहिलं? पेशंटसमोर रडता येत नाही अन् रस्त्यावर लोक पाहतात. तुमचे दादा होते तवा मी बाथरूममधी जात होती, तर बाहेरून कोणीतरी दार वाजवे.

गाठीचं विचारू नका. दुखत नाही. त्या धंतोलीत मी पाय ठेवणार नाही. जाताना आमी दोघं होतो, येताना मी एकटी आली. तुमाले हे माहीत आहे, मग पुन्हा पुन्हा काहून लिहायला लावता?

संत्र्याची दोन पोती अमोलच्या हाती पाठवते. वंदनाले सांगा, आंबट निघाली तर झाडाचा दोष, माझा नाही.

माया आहे, ती कमी होणार नाही. तुमी मात्र शब्द कमी करा.

शामलावहिनी


गोकुळपेठ
२३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

शब्द कमी केले. डावा हात ठेवला, उजवा काढला.

रडायच्या जागेचं विसरून राहिलं नव्हतं. दादा होता त्या दवाखान्याच्या मागच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वर, एक खिडकी आहे. पुढे लिफ्ट असल्यानं तिकडे कोणी फिरकत नाही. खाली जनरेटर आहे. तो चालू असला की माणसाचा आवाज ऐकू जात नाही. बंद असेल तर कोपऱ्यातला नळ सोडायचा. पुस्तकात टाकलं तर तिथे गर्दी होईल आणि ज्याला खरी गरज आहे त्याला जागा उरणार नाही, म्हणून टाकलं नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर एक ओळ वाढवली. प्रत्येक दवाखान्याला मागचा जिना असतो. बस, इतकंच.

वंदनानं ती ओळ वाचली आणि चहा टाकायला उठली. ती जागा मला माहीत कशी, हे तिनं विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

गाठीचं आज मी लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

संत्री गोड होती. तसाच लोभ.

ताराचंद


सावरगाव
१९ जानेवारी २०२६

चि. भाऊजींस,
संक्रांतीचा तिळगूळ अन् अ. उ. आ.

पुस्तकं पोचली. वंदना म्हणते तशीच दिसतात, पण हातात बरी वाटतात. आता तुमच्या जाहिरातीचं काय झालं ते ऐका, अन् वंदनाले धरून बसा.

पैसे न लागता पुस्तक घरोघर पोचवायचं, असं तुमीच म्हणत होते. तर मी सूनबाईले, श्वेताले म्हटलं, की यंदा हळदीकुंकवाच्या वाणाला स्टीलच्या वाट्या नको, काकांचं पुस्तक लुटू. पोरगी भोळी, तिनं ऐकलं. बाया आल्या, हळद लागली, तिळगूळ झाला, अन् पदरात पडला दवाखाना! सरपंचाच्या घरच्या काकूनं तिथंच सुनावलं, की काहून वं श्वेता, सणावाराचं आमाले आजारी पाडून राहिली का? एकीनं तर पुस्तक तुळशीपाशी ठेवलं अन् निघून गेली. श्वेता रात्री जेवली नाही.

मी तिले समजावलं. मनात म्हटलं, चूक माझी, वाण देणारीची नाही.

पण कालची गोष्ट. त्याच काकू अंधार पडता मागच्या दारानं आल्या. मालकाच्या छातीत धडधड होते म्हणे. तुळशीजवळचं ते पुस्तक आहे का, म्हणून विचारलं. मी दिलं. पदराखाली घालून गेल्या. आतापर्यंत मागच्या दारानं अशा आठ जणी आल्या. समोरच्या दारानं एकही नाही. तुमचं पुस्तक चालून राहिलं, पण लपतछपत.

राग मानू नका. माया तशीच.

शामलावहिनी


गोकुळपेठ
२६ जानेवारी २०२६

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

श्वेताला माझ्याकडून सांगा, की काकांना तिचा अभिमान वाटतो. राग मला आला, तो तुळशीजवळ पुस्तक ठेवणारीचा. पण वंदना म्हणाली, ठेवलं तर तुळशीजवळच ना, उकिरड्यावर तर नाही.

इथली खबर सांगतो. धंतोलीतल्या एका औषधवाल्याच्या काउंटरला एक प्रत सुतळीनं बांधून ठेवली, फुकट वाचायला. लोक वाचतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि औषधं घेऊन जातात. विकत कोणी घेत नाही. परवा तर मोवाडकडचा एक जण माझ्याच दुकानात आला, माझंच पुस्तक माझ्याच समोर ठेवलं आणि म्हणाला, की भाऊ, पूर्ण झेरॉक्स मारून द्या, विकतपेक्षा स्वस्त पडते. मी लेखक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. क्षणभर वाटलं, सांगावं. मग त्याच्या पिशवीतून एक्स-रेचं पाकीट डोकावलेलं दिसलं. झेरॉक्स मारून दिली. एका पानावर शाई फिकी उठली होती, तिथे पेनानं अक्षरं गिरवून दिली.

आता खरं लिहितो, कारण फोनवर माझा आवाज चढेल. पाचशे प्रती छापल्या. कोणी विचारलं तर सांगतो, गोरगरिबांसाठी. पण लिहिताना डोळ्यांसमोर एकच बाई होती. नागपुरात तिचं कोणी नाही असं नाही, हक्काचं घर आहे. तरी ती येत नाही. मला वाटलं, रस्ता इतका बारकाईनं लिहावा, की तिची भीती ओळीओळीनं कमी व्हावी. ते साधलं नसेल तर उरलेल्या प्रती चंपतरावांना परत देईन. पुड्या बांधायला होतील.

लोभ मागत नाही आज. या, एवढंच मागतो.

ताराचंद


धंतोली, नागपूर
११ फेब्रुवारी २०२६

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

वरचा पत्ता पुन्हा वाचू नका, तोच आहे. हे पत्र अमोल तुमच्या दुकानात आणून देईल. त्याच्यावर ओरडू नका. तुमाले काही सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली होती.

सोमवारी आली. तुमच्या घरी मुद्दामच नाही उतरली. तुमी पुस्तकावर लिहिलं, की कोणी नाही त्यांच्यासाठी. मग कोणी नसल्यावाणी आल्याशिवाय ते खरं की खोटं, कसं समजन? सीताबर्डीवर उतरली, तुमी म्हणता तिथून ऑटो केला, डाव्या हाताले पाहिलं. धर्मशाळा सापडली. कागद तुमी लिहिले तेच मागितले. चौकात परत फिरावं वाटलं तवा पान उघडून उभी राहिली. तुमी बाजूनं बडबडत चालून राहिले असं वाटलं, मग चालली.

आता चूक ऐका. तुमी सारं रविवारी तपासलं. रविवारी धंतोली रिकामी असते हो! सोमवारी तुमच्या त्या बाकांवर बसायला जागा नाही, मऊ भाताच्या दुकानासमोर ही रांग, अन् तुमच्या गल्लीत ऑटो शिरतच नाही. पुढच्या छपाईत दुरुस्त करा. प्रती पुड्यांना देऊ नका. धर्मशाळेत माझ्याजवळच्या तीन गेल्या, अन् पैसे देऊन गेल्या.

सुईची तपासणी झाली. गाठ काढा लागते. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण दिसत नाही, पण काढल्यावर पक्कं सांगू. काही दिवस आवाज बसन. म्हणजे तुमाले ओरडायचं ते ओरडून घ्या, मी उत्तर देऊ शकणार नाही.

वर पेशंटजवळ एकालेच बसू देतात अन् पास एकाच नावाची असते. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, की मावशी, मुलाचं नाव लिहू ना. मी म्हटलं नाही, दिराचं लिही. अमोलले समजलं.

मागच्या खेपेले तुमाले इथून दादांशिवाय निघा लागलं. मी माझंच दुःख धरून बसली, तुमचं कधी विचारलं नाही. उद्या या, अन् या वेळी मले घेऊन घरी चला. तुमच्या घरी.

तुमची
शामलावहिनी