बिनबॅटरीची पट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज ऑफिसातली नवी पट्टी घरी आणली. बॅटरी नाही, चार्जिंग नाही — हात हलला की त्या हलण्यातूनच वीज होते आणि माझ्या फोनवर रेघ उमटते. नाही हलला तर काही नाही. पप्पांच्या उजव्या मनगटावर बांधली. अर्धांगवायूनंतर तो हात नुसता पडून आहे, बोलणंही गेलंय. मम्मीला बजावलं, पट्टी काढायची नाही. येताना अंधेरीहून मार्वे, तिथे फेरीबोट चुकली, मग मनोरी. जीव गेला नुसता.

४ नोव्हेंबर
दिवसभर सपाट. संध्याकाळी, मी अजून ऑफिसात — रेघ हलली! चांगली हलली!

५ नोव्हेंबर
आजही संध्याकाळी. पप्पांना म्हटलं, तुमचा हात परत येतोय. ते रडायला लागले. मीही रडले. उत्तरा त्यांची फिजिओ, तिला सगळे आलेख पाठवले. तिचं आपलं, एवढ्यात आशा लावू नको यार. लावणार!

८ नोव्हेंबर, शनिवार
सुट्टी म्हणून संध्याकाळी घरी होते. मम्मी माळ घेऊन रोझरीच्या प्रार्थनेला बसली. पप्पांचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला, त्यांच्या बोटांत माळ दिली आणि एकेक मणी स्वतःच पुढे सरकवायला लागली. इकडे फोनवर रेघ नाचतेय.

मी ओरडलेच तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "तू काढू नको बोललीस, मी काढली नाय. तुझ्या पप्पाची रोझरी कधी चुकली नाय, ती आता चुकवू?"

हात कोण हलवतं ते पप्पांना ठाऊकच होतं. म्हणजे बुधवारी ते आनंदाने रडले नव्हते.

९ नोव्हेंबर
चर्चला गेले नाही. कशातच मन नाही. उत्तराला कळवलं — आलेख विसर, हात मम्मी हलवत होती.

१० नोव्हेंबर
उत्तराचा फोन. तिने आलेख पुन्हा पाहिले. मणी सरकत नाहीत, हात नुसता धरलाय, तेव्हाही रेघेत बारीक, एकसारखी थरथर आहे म्हणे. "पप्पांचं राहू दे जोआना. ही थरथर आंटीच्या हाताची आहे. त्यांना न्यूरोलॉजिस्टला दाखव. लगेच."

पप्पांची पट्टी सोडली. मम्मीला म्हटलं, हात पुढे कर.

"माझ्या हाताला काय झालंय?"