अ‍ॅडजस्ट करून घेजा

ती. सेवकरामभाऊंना कोंढ्याहून तुमच्या मेहुण्याचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि वहिनींची शुगर ताब्यात असेल, असं धरून चालतो. कुंता आज सकाळी पिशवी भरून तुमच्याकडे निघाली. ती माझा फोन उचलत नाही, म्हणून गावातल्या डोमाच्या हाती हे पत्र देतो आहे. तो भाऊबीजेसाठी आज संध्याकाळीच तुमच्या जवाहरनगरला त्याच्या बहिणीकडे येतोय. पण तुमच्या बहिणीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. मला बोलायचं आहे ते एका इंग्रजी शब्दाबद्दल.

तो शब्द म्हणजे अ‍ॅडजस्ट. ज्याने तो आपल्याकडे आणला त्याला एकदा पवनीच्या एसटीत बसवलं पाहिजे. तिघांच्या सीटवर चौथी बाई टोपलं घेऊन येते आणि म्हणते, "अ‍ॅडजस्ट करा ना काका!" तिथे त्याचा अर्थ, सरक. दिवाळीचा सदरा काखेत आवळतो म्हटलं तर शिंपी म्हणतो, अ‍ॅडजस्ट होऊन जाईल (म्हणजे बिघडवला मी, बारीक व्हा तुम्ही). पंखेवाला पंखा एकाच स्पीडवर सोडून गेला, तोही जाताना हेच म्हणाला. त्याचा अर्थ, पुन्हा बोलावू नका. माणूस बदलला की अर्थ बदलतो, सोसणारा मात्र दरवेळी मीच!

उद्या आमच्या गावची मंडई, वर्षाची जत्रा. तुम्हाला ठाऊकच आहे, ती नेमकी भाऊबीजेलाच भरते आणि जिल्ह्यातले झाडून सगळे सोयरे त्या दिवशी आमच्याच घरी जेवतात. शहापूरहून परसरामचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, फोन आला, "भाऊ, आमी अकरा जण येऊन राहिलो. अ‍ॅडजस्ट करून घेजा." विचारलं नाही, कळवलं! मी ते कुंताला सांगितलं, आणि दरवर्षीसारखंच म्हणालो की एवढं अ‍ॅडजस्ट कर, भावाला ओवाळायला मंडईनंतर जा. एकोणीस वर्षं ती 'बरं' म्हणत आली. यंदा म्हणाली, "दरसाली मीच काहून? यंदा तुमी करा!" आणि गेली. घर पाहुण्यांनी भरायच्या वेळी घरच्या बाईने असं निघून जावं? भयंकर संताप आलाय, भाऊ. (विषय काढणार नव्हतो, पण निघालाच.)

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

रागावलेला, पण तुमचाच,
भैय्यालाल

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. उद्या ओवाळणी उजाडताच उरकून घ्या आणि कुंताला पहिल्या गाडीत बसवून द्या. तुम्ही एवढं अ‍ॅडजस्ट कराल याची खात्री आहे.

आणखी ता. क. डोमाला थांबवून पाकीट पुन्हा फोडलं. परसरामची अकरा जणांची फौज एक दिवस आधीच हजर झाली. भात मीच टाकला. वरून कच्चा, खालून करपला. ताटं वाढून म्हणालो, अ‍ॅडजस्ट करून घ्या. परसराम दोन घासांत उठला आणि सगळ्यांना घेऊन शेजारच्या जनाबाईकडे जेवायला गेला. फार लागलं मनाला. त्याला हा शब्द एकदाच ऐकावा लागला, भाऊ. कुंताने एकोणीस वर्षं ऐकला.

पहिली ता. क. खोडली असं समजा. तिला आठ दिवस ठेवून घ्या. मग मीच न्यायला येतो. तुमच्या सरकारी क्वार्टरात जागा नसेल तर वऱ्हांड्यात बसेन. फक्त ती येईल का, तेवढं विचारून ठेवा.