दुसरा दाढीवाला

३ ऑगस्ट
पाहुण्याचं वजन ३८६ ग्रॅम. मागच्या आठवड्यापेक्षा चार कमी, काळजीचं नाही. शेवग्याचा पाला खाल्ला, भोपळा तसाच टाकला.

दुपारी मेडिकलमध्ये गर्दी असतानाच गजाननचा फोन. गणेशगुडीच्या रस्त्याला त्याच्या पर्यटकांसाठी पाच खोल्या आहेत. "मॅडम, तुमच्याकडं तो दाढीचा सरडा हाय न्हवं? माझ्याकडं बी एक हाय. घेऊन जावा." जागा आता दुसऱ्याला चालवायला दिलीय, त्या माणसाला सरडा नको. मी म्हटलं, विचार करून सांगते.

फोन ठेवल्यावर स्वतःचंच नवल वाटलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्याला नाही म्हणायला मला एक क्षण लागत नाही. इथे कसला विचार करायचा होता?

४ ऑगस्ट
नाही म्हणायचं. हे दाढीचे सरडे, बिअर्डेड ड्रॅगन, एकएकटे राहणारे प्राणी, दोघांना एका पेटीत ठेवता येत नाही. म्हणजे दुसरी काचपेटी, दुसरा उबेचा दिवा, पुन्हा तो यूव्हीचा दिवा वेगळा. आणि इथे पावसाळ्यात वीज किती असते ते मला माहीत आहे.

पाहुणा तरी माझा कुठे. केतकीने नोकरीला लागल्यावर पुण्यात पाळला. लग्न ठरलं तेव्हा "दोनच महिने ठेव गं आई" म्हणून रामनगरला आणून सोडला. म्हणून नाव पाहुणा. तीन वर्षं झाली. गावात सगळे "बाईंची घोरपड" म्हणतात. घोरपड पाळलीय अशी तक्रार गेल्यामुळे वनखात्याचा गार्ड दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी कागद पाहिले, मग त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. गेल्या नागपंचमीला दोघीजणी लाह्या आणि दूध घेऊन दारात. परत पाठवल्या.

पा. पाच वर्षांचा. नीट राहिला तर अजून सहा-सात वर्षं. मी त्रेसष्ट.
तर नाही. उद्या गजाननला कळवायचं.

६ ऑगस्ट
कळवलं नाही.

के.चा फोन. डिसेंबरात बाळंतपण. नोव्हेंबरपासून चार-पाच महिने पुण्याला ये म्हणते. तेवढं ठीक. मग म्हणाली, "आणि परत तरी कशाला जातेस? विकून टाक मेडिकल. बाबा गेल्यापासून एकटी काय करतेस तिथे?"
पाहुण्याचं काय, विचारलं. "दुकानातल्या शेवंताला दे." जावयाला सरड्यांची शिसारी आहे, ते माहीतच आहे.
दुसऱ्याबद्दल तिला बोलले नाही. का नाही बोलले, कोण जाणे.

९ ऑगस्ट
बघून आले. नुसतं बघायला गेले होते. वजनकाटा मात्र पिशवीत घातला होता.

पुढच्या पडवीत, पर्यटक नाव लिहितात त्या टेबलावर, माशांची जुनी काचपेटी. वर शोभेचा निळा बल्ब, त्याची ऊब शून्य. लोक खांद्यावर बसवून फोटो काढायचे. खाणं केळं आणि बिस्किटाचा चुरा. शेपटीचं टोक गेलेलं, कसं ते गजाननलाही माहीत नाही. मागच्या पायांवरची कातडी सैल. २१४ ग्रॅम. आमच्या पाहुण्याच्या जवळजवळ निम्मा.

"नाव?"
"राजा."
"मी नाही नेला तर काय करशील?"
"मागं जंगल हाय की मॅडम. सोडून देतो. सुटंल बिचारं."

वाईट मनाने म्हणाला नाही. त्याच्या लेखी ती दया. मी सांगितलं, हा कोरड्या रानातला प्राणी, आपल्या पावसात चार दिवस टिकणार नाही. शिवाय परका प्राणी जंगलात सोडला तर गार्ड तुला सोडणार नाही. "व्हय काय?" म्हणाला, आणि चहा सांगितला.

निघताना राजाने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही अर्थ नाही. सगळे सरडे असेच पाहतात.

१० ऑगस्ट
आणायचा नाही. तो मेला तर जबाबदारी माझी नाही.
हे लिहिलं आणि चार वेळा वाचलं.

१३ ऑगस्ट
परवापासून वीज नाही. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत कढत पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पाहुण्याच्या पेटीत ठेवते. दोन-दोन तासांनी बदलायच्या. पा. त्यांना पोट लावून पडलेला.

शेवंता समोर उभी राहून बघत होती. ही सकाळी दुकान झाडते, खोकी लावते, आणि आपल्या शेतातले नाकतोडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणते, झाकणाला भोकं पाडून. तिच्या भातावर फवारणी नसते, म्हणून तिचेच नाकतोडे चालतात.

"अक्का, एकटं हाय म्हणून गारठलंय. दोगं असली की ऊब येती."
"ह्यांच्या अंगात ऊब नसते. बाहेरून द्यावी लागते."
"मग चार बाटल्या वाढवायच्या की. त्यात काय."
त्यात काय. पाणी मी तापवते, ही बघते.

मग म्हणाली, एवढं सुचत नसेल तर देवाला कौल लावूया. नंदिगद्द्याकडे तिचं माहेर, तिथलं देऊळ जागृत आहे म्हणते. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.
मी म्हटलं, सरड्यासाठी कौल? लोक हसतील.
"म्हशीसाठी लावत्यात. बोअरसाठी लावत्यात. सरड्यानं काय घोडं मारलंय?"
नको म्हणून सांगितलं. तिने झाडू उचलला. तिने वाद घातला नाही म्हणजे ऐकलं असं नव्हे.

१४ ऑगस्ट
वीज आली. तीन दिवसांत एका प्राण्यासाठी एवढी धावपळ, दोघांची कशी झेपणार? ठरलं, नाही. गजाननला फोन केला. रेंजच्या बाहेर. पुन्हा केला. तेच.

फोन लागला नाही तेव्हा बरं वाटलं. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

१६ ऑगस्ट
सकाळी साडेदहाला गजानन दुकानात. काउंटरवर काचपेटी, वर प्लास्टिकचा कागद, त्यावरून पाणी ओघळून माझ्या बिलांच्या पुस्तकावर. चार गिऱ्हाइकं माना पुढे काढून बघतायत.
"जागा आजच रिकामी करायची हाय. चार-आठ दिस ठेवा मॅडम. न्हाई पटलं तर फोन करा, येऊन नेतो."
"आणि नेऊन कुठे ठेवशील?"
छत्री उघडली. गेला.

एक म्हातारा म्हणाला, "बाई, आता जोडा झाला." त्याला खोकल्याचं औषध देऊन बाहेर काढला.
राजा २१० ग्रॅम. मागच्या गोदामात ठेवला, जुना शंभराचा बल्ब लावला. पाला पुढे केला, तोंड फिरवलं. काही खाल्लं नाही.

१७ ऑगस्ट
चूक माझी. गोदामात हवा कोंदट म्हणून राजाची पेटी आतल्या खोलीत आणली आणि पाहुण्याच्या पेटीसमोर ठेवली. शेवंता म्हणाली होती, एकमेकांस्नी बघू देत, एका जातीची माणसं हायत. मीही कसं कोण जाणे, बरं म्हटलं.

दोन मिनिटांत पाहुण्याची दाढी कोळशासारखी काळी. डोकं वरखाली आपटत काचेवर धावून गेला. तीन वर्षांत त्याचा हा अवतार पाहिला नव्हता. राजा जागचा हलला नाही. नुसता पुढचा एक पाय उचलून हळूहळू हवेत फिरवत राहिला. पुन्हा पुन्हा.

"हात करालाय बघा अक्का. वळख दाखवालाय."
मोबाईलवर शोधलं. ओळख वगैरे काही नाही. मी लहान आहे, मला मारू नकोस, असा त्याचा अर्थ. शेवंताला सांगितलं. तिने पदर खोचला. मग स्वतःच ओआरएसचं मोठं खोकं उचलून दोन पेट्यांच्या मध्ये उभं केलं.

बाटलीतले चार नाकतोडे राजाला दिले. एकच खाल्ला. शेवंताने आधीच बजावलंय, कौल झाल्याशिवाय दुसऱ्याच्या नावाने नाकतोडे धरणार नाही. तिच्या घरची रीत. देवाला विचारायचं ठरलेलं काम आधीच सुरू करायचं नसतं. मी ठरवलेलं नाही, म्हटलं. "मी ठरवलंय की."

२० ऑगस्ट
के.ला सांगितलं. सांगावंच लागलं, मागे दुसरा बल्ब दिसला तिला व्हिडिओत.
आधी हसली. मग हसणं थांबलं. "आई, खरं सांग. तुला पुण्याला यायचं नाहीये. सरळ नाही म्हणता येत नाही म्हणून हा प्राणी आणलायस."
मी म्हटलं, तो आणलेला नाही, टाकून गेलेला आहे.
"पहिलाही मीच टाकून गेले होते. त्याला तू ठेवलंसच ना?"
गिऱ्हाईक आलं सांगून फोन ठेवला. दुकानात कुणी नव्हतं.

तिचं खरं आहे? राजा नसता तर मी आनंदाने पुण्याला गेले असते? ती अवघडलेली असताना मी इथे सरड्याला पाला भरवत बसेन, अशी मी आई आहे का? नाही. मग मेडिकल विकायचं म्हटलं की मी विषय का बदलते? हे गेल्यावर नऊ वर्षं मी शटर एक दिवस चुकवलं नाही.
काही कळत नाही. फार्मसीला असताना परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढे जायचे. इथे पुढे जाता येत नाही.

२१ ऑगस्ट
राजा २०७.

२३ ऑगस्ट
शेवंता काल न सांगता माहेरी जाऊन आली. कौल लावून. आज दुकान झाडता झाडता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

पहिल्यांदा उजवी पडली आणि ती खाली पोचायच्या आत डावी. गुरवाने पुन्हा लावल्या. मग बारा वाजेपर्यंत एकही हलली नाही. गुरव तापला. विचारलं, गाऱ्हाणं काय घातलंस? शेवंताने सांगितलं: अक्कानं जनावर ठेवावं, का जनावर सोडून लेकीकडं जावं?
"तर मला म्हणतोय, ही काय दोन झाली की गं. एका पाकळीला एकच प्रश्न. दोन गुतवून टाकलीस तर देवानं कशाचं उत्तर द्यायचं? ज्येचं हाय त्येला धाडून दे म्हणाला."

मी म्हटलं, माझा विश्वास नाही या सगळ्यावर.
"नसू दे की. बस नऊला हाय."

दिवसभर ते डोक्यात. प्रश्न दोन आहेत. तीन आठवडे मी एकाचं उत्तर दुसऱ्यात शोधतेय. जनावर ठेवायचं की नाही हे ठरवताना पुण्याचं ठरवते, पुण्याचं ठरवताना या जनावराचं. के.नेही तेच केलं. आणि हे आम्हाला न पाहिलेल्या एका गुरवाने सांगावं.

२६ ऑगस्ट
दुकान बंद ठेवलं. पाटी लावली: आज बंद. कारण लिहिलं नाही.

नऊच्या बसने शेवंताबरोबर गेले. देऊळ लहान, कौलारू, आत काळा पाषाण. गुरव माझ्याच वयाचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पाकळ्या निवडून पाण्यात भिजवल्या, चिकटवल्या, आणि माझ्याकडे वळला. "सांगा बाई. एकच."

बस सुटल्यापासून वाक्य तयार होतं. तोंडातून निघेना. शेवंता कोपराने ढोसत होती. शेवटी म्हटलं, गजाननचा सरडा माझ्या घरी ठेवू का. एवढंच. पुण्याचं काही नाही. वय, वीज, पाऊस, काही नाही. गुरवाने तसंच गाऱ्हाणं घातलं. "सरडा" म्हणताना हसला नाही.

मग बसलो. अर्धा तास. पाऊण. परतीची एकच बस, दोनची. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. घरी दोन पेट्या, दोन दिवे, दार बंद. उठले. शेवंता माहेरी मुक्कामाला राहिली, म्हणाली मी बसते, उद्या सांगते.
पायरी उतरताना मागे गुरवाचा आवाज आला, काहीतरी म्हणाला. वळून बघितलं नाही.

२७ ऑगस्ट
पा. ३८८. भोपळा खाल्ला, आज तक्रार नाही.

के.चा मेसेज: "नोव्हेंबरचं तिकीट काढू ना? एकाच बाजूचं की परतीचंही?" अजून उत्तर दिलं नाही. पण हा प्रश्न वेगळा, आणि तो के.चा आणि माझा, एवढं आता समजतंय.

दुपारच्या बसने शेवंता आली, आपल्या शेतावर वाकडी वाट करून. पिशवी स्टुलावर ठेवली, पदराने तोंड पुसलं.
"अक्का, सांगू?"
"थांब. आधी वजन."
राजाला काट्यावर ठेवला. २१३. आल्यापासून पहिल्यांदा वर. वहीत लिहिलं. पुन्हा ठेवून बघितलं, तेवढंच. पेटीत सोडला तर दिव्याखाली जाऊन डोळे मिटून पडला. पाय उचलला नाही.
"आता सांगू?"
तेवढ्यात एकजण चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा समजावलं. त्याला एकदाच पुरलं असतं.

शेवंता मागे झाडायला गेली. पिशवी अजून स्टुलावर आहे. नाकतोड्यांची बाटली एकच आहे की राजाच्या नावाचीही दुसरी, बाहेरून कळत नाही. मी इथे बसून हे लिहितेय. हात लावलेला नाही.