पायरीची ओळ

रायपूर, शनिवार, संध्याकाळ

बोटं दुखून राहिली तरी ब्रेलचे ठिपके टोचून राहिलो. या घरात हे दुसऱ्या कोणाले वाचता येत नाही, म्हणून इथं तरी खरं बोलतो.

उद्याच्या चर्चमधल्या उपासनेसाठी माझं गीत छापून आलं. बायकोनं, सुशीलानं, वाचून दाखवलं अन् माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं होतं, "पायरी आली की तू हात धरतोस." छापलं आहे, "अंधारातून तू उजेडात आणतोस."

चर्चमधली गाणी बसवणाऱ्या डॅनियलले लगेच फोन केला. ओळ त्यानंच बदलली होती. तो म्हणतो, "अंकल, आपके मुँह से उजाला सुनके लोग रो देंगे."

काहून रडावं? मी जन्मापासून असाच आहे. उजेड मागितला कधी मी? रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या गुढियारी मोहल्ल्यात रोज काही ना काही खोदतात. काल नव्हती ती पायरी आज पायाखाली येते. तिथं मले देव लागतो. तिथंच तो भेटतो.

सुशीला म्हणाली, "जाऊ द्या ना, नाव तर देवाचंच आहे." आहे. पण पायरी काय वाईट होती?

अन् उद्या पास्टरसाहेब नेहमीसारखं म्हणतील, "चला, डोळे मिटून प्रार्थना करू." सगळं चर्च डोळे मिटेल. देवाशी बोलायचं तर या लोकांना आधी अंधार करावा लागतो. मी तर केव्हाचा तिथंच बसलो आहे.